जुन्या थीम पार्क विभागांचं नूतनीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थीम पार्कमधला एखादा विभाग वीस-तीस वर्षांचा झाला की ‘तरुण पोरं इथे थांबत नाहीत’ ही तक्रार सुरू होते. त्यावर नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. ‘विभाग’ म्हणजे एकाच कल्पनेभोवती रचलेला पार्कचा भाग: त्यातल्या राइड, दुकानं, खाण्याची ठिकाणं, रस्ते, संगीत, सगळं धरून.

विभाग ‘जुना झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. यंत्र थकतं, गोष्ट थकते, किंवा जागा थकते. राइड दिवसातून तीनदा बंद पडत असेल तर यंत्र थकलंय. राइड सुरळीत चालते, पण शेजारच्या विभागात तासाची रांग असताना इथे पाच मिनिटांत नंबर लागतो, तर गोष्ट थकलीय. आणि लोक विभागातून नुसते चालत जातात, बसत नाहीत, खात नाहीत, मुलांना सोडत नाहीत, तर जागा थकलीय.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे तिसऱ्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध देणं. नव्या चित्रपटाची पात्रं आणून बसवली, पण दुपारी दोन वाजता विभागात सावलीच नसेल तर ती पात्रंही उन्हात एकटीच उभी राहतात.

लोक किती वेळ थांबतात, हे मोजायचं कसं?

साधा भागाकार पुरतो. एका वेळी विभागात सरासरी किती माणसं आहेत ते मोजा आणि मिनिटाला किती माणसं आत येतात त्या आकड्याने भागा. विभागात ६०० माणसं आणि मिनिटाला ४० येत असतील, तर सरासरी मुक्काम १५ मिनिटांचा. राइडलाच रांगेसकट २५ मिनिटं लागत असतील, तर उघड आहे की बरेच जण राइडला न जाताच पुढे निघून जातात. हे मोजमाप सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी, सुट्टीच्या आणि कामाच्या दिवशी वेगवेगळं करा. नुसती दिवसाची सरासरी काढली तर दुपारचा ओसाडपणा तिच्यात झाकला जातो.

तरुणांना जुनं नकोच असतं, हे खरं आहे का?

नाही. त्यांना नको असतं ते धूळ खात पडलेलं जुनं. जपानमधल्या सैतामा प्रांतातलं सेइबुएन हे १९५० साली सुरू झालेलं मनोरंजन उद्यान २०२१ मध्ये नव्याने उघडलं, तेव्हा ते आधुनिक केलंच नाही. उलट आणखी मागे नेलं. १९६० च्या दशकातला बाजाररस्ता उभारला, पार्कची स्वतःची कागदी नोट चालू केली, आणि दुकानदार, पोलीस अशा भूमिकांतली नट मंडळी रस्त्यावर सोडली. जो काळ येणाऱ्या तरुणांनी पाहिलेलाच नाही, तोच त्यांच्यासाठी परका आणि म्हणून नवा ठरतो.

कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कमधली घोस्ट टाउन, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या ओसाड गावाची प्रतिकृती, १९४० पासूनची. २०१६ मध्ये तिथे ‘घोस्ट टाउन अलाइव्ह’ सुरू झालं. इमारती त्याच ठेवल्या, पण गावात माणसं आली. पाहुण्याने निरोप पोचवायचा, चिठ्ठी न्यायची, दोन गटांपैकी एकाची बाजू घ्यायची. नवी राइड नाही, नवा ट्रॅक नाही. जुन्या विभागावर केलेल्या खर्चापैकी इतका शहाणा खर्च क्वचितच पाहायला मिळतो.

भविष्यावर आधारलेले विभाग सगळ्यांत लवकर का शिळे होतात?

कारण ते तारीख घालून आश्वासन देतात. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा त्यातला टुमारोलँड हा भविष्याचा विभाग १९८६ साल दाखवत होता. १९६७ मध्ये तो बहुतांशी नव्याने बांधावा लागला. १९९८ मध्ये पुन्हा बदल झाला. या वेळी कांस्य-तांब्याच्या गडद रंगांचा, जुन्या काळाने कल्पिलेल्या भविष्याचा. तिथल्या स्पेस माउंटन या राइडची पांढरीशुभ्र इमारतही रंगवून टाकली होती, ती काही वर्षांतच परत पांढरी झाली.

त्याच बदलात ‘रॉकेट रॉड्स’ ही वेगवान राइड आली आणि हे प्रकरण या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाने नीट अभ्यासावं असं आहे. १९९५ मध्ये बंद झालेल्या पीपलमूव्हर या उंचावरून संथ फिरवणाऱ्या राइडचाच ट्रॅक तिला दिला. तो ट्रॅक सावकाश चालीसाठी बांधलेला, त्यामुळे वळणांवर आतल्या बाजूला उतार नाही. गाडीने सरळ भागात वेग घ्यायचा आणि प्रत्येक वळणाआधी करकचून कमी करायचा. टायर भराभर झिजले, बिघाड वाढले, आणि सप्टेंबर २००० मध्ये राइड थांबली ती थांबलीच. ट्रॅक उरला, त्यावर काही धावत नाही. जुना सांगाडा वापरून पैसे वाचवायचे असतील, तर आधी तो कोणत्या वेगासाठी आणि भारासाठी बांधला होता ते पाहा.

यावर दोन उपाय टिकले आहेत. एक पॅरिसचा: १९९२ मध्ये तिथल्या डिस्नेलँडमधल्या डिस्कव्हरीलँडने भविष्याचं भाकीत करणंच टाळलं आणि एकोणिसाव्या शतकातला विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नच्या काळाने रंगवलेलं भविष्य दाखवलं. जे मुळातच भूतकाळातलं स्वप्न आहे ते खोटं ठरू शकत नाही. दुसरा उपाय म्हणजे वर्तमानाला जवळ येऊ न देणं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ या घरगुती यंत्रांच्या प्रगतीच्या देखाव्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली जुनी दृश्यं अजून गोड वाटतात; अवघडल्यासारखं होतं ते शेवटच्या दृश्यात, जिथे १९९० च्या दशकाने कल्पिलेली तोंडी हुकुमावर चालणारा ओव्हन आणि डोक्यावर चढवायचा आभासी खेळ आहे. सजावटीत स्क्रीनची चौकट, फोनचा आकार, टायपिंगचे फाँट जितके कमी, तितकं आयुष्य जास्त.

काम सुरू करण्याआधी काय काय तपासायचं?

जमिनीपासून सुरुवात करा. जुने नकाशे आणि प्रत्यक्ष पुरलेल्या वाहिन्या यांचं सहसा पटत नाही. तीस वर्षांत कुणीतरी घाईत केबल टाकलेली असते, नकाशावर ती नसते. भू-रडारने संपूर्ण विभाग तपासून घ्या आणि जिथे खोदकाम ठरलंय तिथे हाताने चाचणी-खड्डे घ्या. पावसाचं पाणी कुठे साचतं ते भर पावसात जाऊन पाहा. फरसबंदी बदलताना उतार चुकला की नवं कोरं दुकान पहिल्याच पावसाळ्यात ओलं होतं.

जुन्या इमारतींत ऍस्बेस्टॉस आणि शिसेयुक्त रंग असू शकतात. त्याची चाचणी पाडकामाची निविदा काढण्याआधी करायची; नंतर सापडलं तर काम थांबतं आणि वेळापत्रक कोलमडतं. सजावटीच्या खोट्या खडकांमागचा पोलादी सांगाडा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून गंजलेला असतो, विशेषतः पाण्याच्या राइडजवळ. तिथे पोलादाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजा आणि मूळ जाडीशी ताडून पाहा.

मग नजरेचा नकाशा. प्रौढाच्या आणि लहान मुलाच्या अशा दोन्ही उंचीवरून, दर दहा मीटरवर, चारी दिशांना फोटो काढा. शेजारच्या विभागाचा कोस्टर (रोलर कोस्टर) किंवा मागचं गोदाम कुठून दिसतं ते तेव्हाच कळतं. हेच आवाजाचं: दोन विभागांच्या हद्दीवर उभं राहिलं की दोन्हीकडचं संगीत एकदम ऐकू येता कामा नये. मधे पाण्याचा आवाज, झाडांचा पट्टा किंवा वळणाचा रस्ता लागतो.

जुन्या राइडवर नवी गोष्ट चढवता येते का?

येते, आणि बऱ्याचदा तेच योग्य असतं. फ्लोरिडातल्या डिस्नेमध्ये स्प्लॅश माउंटन या पाण्याच्या राइडच्या जागी जून २०२४ मध्ये ‘टियानाज बायू ऍडव्हेंचर’ आली. पाण्याचा मार्ग आणि शेवटची साधारण ५० फुटांची उडी तीच राहिली. कॅलिफोर्नियातला ‘टॉवर ऑफ टेरर’, म्हणजे लिफ्टसारखी वर-खाली कोसळणारी राइड, २ जानेवारी २०१७ ला बंद झाला आणि २७ मे ला त्याच उचल-यंत्रणेवर ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ची राइड सुरू झाली. गाणी सहा, प्रत्येक गाण्याला उडी-घसरणीचा क्रम वेगळा. पुन्हा रांगेत उभं राहायला हे कारण पुरेसं होतं.

चुकतं कुठे, तर राइडची लय आणि गोष्टीची लय जुळत नाही तिथे. उडी तर होणारच आहे. मग पात्राने तिकडे जायचं कारण काय? पळ, पाठलाग, पूर, काहीतरी हवं. ते नसलं की प्रेक्षकाला उडी आवडते आणि गोष्ट आठवत नाही.

दुसरी चूक संवादांची. होडी सेकंदाला ०.६ मीटर जाते आणि दृश्य १५ मीटर लांब आहे असं धरा. म्हणजे हातात २५ सेकंद. पण होड्या दर १५ सेकंदांनी येत असतील तर पहिली होडी बाहेर पडण्याआधीच दुसरी आत शिरलेली असते. २० सेकंदांचं लांबलचक भाषण लिहिलंत तर दुसऱ्या होडीला ते मधूनच ऐकू येणार. म्हणून प्रत्येक वाक्य चार-पाच सेकंदांचं, स्वतंत्र, आणि कुठल्याही क्रमाने ऐकलं तरी अर्थ लागेल असं लिहा. कथानक पुढे नेणारी माहिती रांगेतच देऊन टाका.

तिसरी चूक यशामुळे होते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमधली मेलस्ट्रॉम ही होडीची राइड ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद करून जून २०१६ मध्ये तिथे ‘फ्रोझन’ चित्रपटावरची ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ आली. होड्या तेवढ्याच, मार्ग तोच, पण प्रेक्षक कितीतरी जास्त. लोकप्रियता आयात करता येते, क्षमता येत नाही.

मग क्षमतेचा हिशोब कसा मांडायचा?

गाडीत २० जण आणि दर ६० सेकंदांनी एक गाडी, म्हणजे ताशी १२००. आता नव्या गोष्टीसाठी चढताना चष्मा वाटायचा ठरवलं आणि त्यात १० सेकंद गेले. दर ७० सेकंदांनी एक गाडी, म्हणजे ताशी सुमारे १०२८. दहा तासांच्या दिवसात १७०० माणसं कमी. चष्म्याचा निर्णय बैठकीत पाच मिनिटांत होतो, त्याचं हे बिल. शिवाय हा आकडा कागदावरचा. चढायला वेळ लागणारी माणसं, रिकाम्या राहिलेल्या जागा आणि छोटे थांबे धरले की प्रत्यक्षात आणखी खाली येतो. नियोजन प्रत्यक्ष आकड्यावर करा.

चित्रपटातली पात्रं आणणं हाच एक उपाय आहे का?

नाही, पण त्याला नाकं मुरडण्यातही अर्थ नाही. लहान मुलाला पात्र ओळखीचं असलं की विभागाची ओळख करून देण्याचा अर्धा वेळ वाचतो. प्रश्न आयुष्याचा आहे. इमारत तीस-चाळीस वर्षं उभी राहते, चित्रपटाची लोकप्रियता तशी राहीलच याची खात्री नसते. म्हणून थर वेगळे ठेवा: सांगाडा आणि खडकाळ भाग तटस्थ, दर्शनी सजावट सुटी करता येईल अशी बोल्टवर, आणि पात्रं, संगीत, चित्रफिती सगळ्यात वरच्या थरात. वरचा थर बदलताना खालच्याला हात लागता कामा नये.

ऑर्लँडोमधल्या युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ ऍडव्हेंचर पार्कमध्ये लॉस्ट कॉन्टिनेंट विभागाचा भाग घेऊन १८ जून २०१० ला हॅरी पॉटरचा विभाग उघडला. ड्युएलिंग ड्रॅगन्स हा जोड-कोस्टर नाव आणि सजावट बदलून तसाच ठेवला. उघडण्याची घाई असताना तो निर्णय बरोबरच होता. पुढे २०१७ मध्ये तो काढला आणि २०१९ मध्ये त्या जागी हॅग्रिडची मोटरसायकल राइड आली. आधी वरचा थर, मग सवडीने गाभा, असं दोन टप्प्यांतही करता येतं.

हलते-बोलते जुने पुतळे ठेवायचे की स्क्रीन लावायचे?

शक्यतो पुतळे. दिवसभर स्क्रीन पाहणाऱ्या मुलाला आणखी एक स्क्रीन दाखवून काय मिळवणार? समोर खरी वस्तू हलते, तिची सावली पडते, हे घरी मिळत नाही. तेलाच्या दाबावर चालणारे जुने पुतळे विजेच्या मोटरवर नेले तर गळती थांबते आणि हालचाल सफाईदार होते. मात्र जुन्या कातडीखाली नवी मोटर मावते का, ते एक पुतळा उघडून आधी पाहा.

चेहऱ्यावर आतून प्रकाशचित्र टाकण्याचा मार्ग सुरुवातीला स्वस्त आणि लवचीक वाटतो. पण दृश्यात थोडाही जास्त उजेड असला की चेहरा फिका पडतो, अंधार केला की चेहराच दिव्यासारखा चमकतो आणि बाकी अंग मातीचं वाटतं. प्रक्षेपक दोन मिलिमीटर हलला की डोळे गालावर उतरतात. एपकॉटच्या फ्रोझन राइडमध्ये २०१६ साली असे चेहरे होते. हाँगकाँगमध्ये २०२३ साली तीच राइड उघडताना घडीव चेहरे वापरले.

जुने बल्ब काढून एलईडी लावले आणि सगळं दृश्य निर्जीव झालं. का?

कारण जुनी रंगसंगती पिवळट टंगस्टन प्रकाशात बसून ठरवलेली होती. थंड पांढऱ्या एलईडीखाली तपकिरी करडा होतो आणि त्वचेचा रंग हिरवट. कंदील-मशालींसाठी २२०० ते २७०० केल्विनचे (पिवळट उजेडाचे) दिवे घ्या आणि रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर ठेवा. जुन्या डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) एलईडी लुकलुकतात, तेव्हा डिमरही बदलावे लागतात. हा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो.

काळ्या प्रकाशात चमकणाऱ्या रंगांच्या दृश्यांत आणखी एक खोच आहे. ३९५ नॅनोमीटरचे स्वस्त अतिनील एलईडी लावले की सगळीकडे जांभळं धुकं दिसतं आणि चमक मरते. ३६५ नॅनोमीटरचे, पुढे फिल्टर असलेले दिवे महाग पडतात, पण अंधार काळाच राहतो.

मोबाइल ऍप, मनगटी पट्टा, गुप्त खेळ: यांचा उपयोग होतो का?

पट्ट्याचा होतो, कारण त्यासाठी मान खाली घालावी लागत नाही. ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये मार्च २०२१ ला उघडलेल्या सुपर निन्टेन्डो वर्ल्डमध्ये मनगटी पट्टा बांधून ठोकळ्याला खालून धक्का मारायचा आणि नाणं मिळवायचं. अंग हलतं, शेजारचा बघतो, तोही मारतो. ऍपवरच्या खेळात उलट होतं: विभागावर खर्च करायचा आणि पाहुण्याची नजर हातातल्या काचेवर.

खेळ रचताना काही गोष्टी पाळा. पट्टा किंवा फोन नसलेल्यालाही काहीतरी घडलेलं दिसलं पाहिजे. बटण, कळ, घंटा ७० ते ११० सेंटिमीटर उंचीवर असावी, म्हणजे लहान मूल आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस दोघांचा हात पोचतो. परिणाम एका सेकंदाच्या आत सुरू व्हावा, नाहीतर मूल तीच कळ सहा वेळा आपटतं आणि ती महिन्याभरात तुटते. उघड्यावरच्या उपकरणांना धूळ-पाण्यापासून किमान आयपी ६५ दर्जाचं संरक्षण घ्या.

लहान मुलांच्या विभागात सगळ्यात जास्त काय कमी पडतं?

काहीही न करण्याची जागा. डिस्नेलँडचा मिकीज टूनटाउन १९९३ चा. मार्च २०२२ मध्ये बंद करून मार्च २०२३ मध्ये तो परत उघडला, तेव्हा मधोमध हिरवळ, झाड, कारंजी आणि मोकळी खेळायची जागा आली. लहानांचा कोस्टर आणि रॉजर रॅबिटची राइड ठेवली. नवी मोठी राइड जोडलीच, पण पालकांना आठवते ती हिरवळ.

आपल्या विभागात हे करताना दुपारी दोन ते चारच्या सावल्या नकाशावर आखा. त्या सावलीतच बाकं ठेवा, आणि बाकावरून खेळणारं मूल दिसलं पाहिजे. बाबागाड्यांना जागा मुद्दाम काढा; नाही काढली तर लोक स्वतः काढतात, आणि ती नेमकी आपत्कालीन वाटेवर असते. आवाजाने बावरणाऱ्या मुलांसाठी एक शांत कोपरा, संगीताच्या स्पीकरपासून दूर. नवी झाडं लावताना मुळांना माती पुरेशी द्या. फरशीखाली कोंबलेलं झाड दहा वर्षांनीही छत्रीएवढंच राहतं.

जुना कोस्टर काढायचा की दुरुस्त करायचा?

तो विभागाची ओळख असेल तर ट्रॅक बदला, आराखडा ठेवा. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कचा नेमेसिस १९९४ चा. नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबवला, ट्रॅक नव्याने बसवला आणि मार्च २०२४ मध्ये ‘नेमेसिस रीबॉर्न’ म्हणून उघडला. धक्के देणाऱ्या लाकडी कोस्टरला पोलादी ट्रॅक देण्याचा मार्गही आहे: अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कचा १९९१ चा मीन स्ट्रीक २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स झाला आणि लोक त्याच्यासाठी प्रवास करून येऊ लागले. मात्र याच पार्कमधला, जुना कोस्टर बदलून केलेला ‘टॉप थ्रिल २’ हा कोस्टर मे २०२४ मध्ये उघडून साधारण आठवड्यात बंद पडला. गाड्यांमध्ये बदल करावे लागले आणि तो हंगाम गेलाच. मोठा बदल म्हणजे जवळपास नवी राइड. एएसटीएम एफ२२९१ किंवा ईएन १३८१४ यांसारख्या राइड-सुरक्षेच्या मानकांनुसार भार, धातूचा थकवा आणि ब्रेकचा हिशोब पुन्हा करायचा, आणि चाचण्यांचे महिने उद्घाटनाच्या तारखेसाठी कापायचे नाहीत.

जुने चाहते चिडले तर?

चिडणारच. त्यांना दोन गोष्टी लवकर सांगा: शेवटचा दिवस कोणता आणि काय राहणार आहे. एपकॉटच्या कल्पनाशक्तीच्या राइडमधून १९९९ मध्ये फिगमेंट हा जांभळा ड्रॅगन जवळजवळ गायब केला. ओरड इतकी झाली की २००२ मध्ये त्याला परत आणून राइड पुन्हा बदलावी लागली. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कने याच्या उलट केलं. १९७८ चा स्पूकस्लॉट हा भुताचा वाडा २०२२ मध्ये बंद केला, वाडा पाडला, पण फ्रेंच संगीतकार सँ-साँसच्या ज्या ‘दान्स माकाब्र’ या रचनेवर तो चालायचा ते संगीत ठेवलं आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला उघडलेल्या नव्या राइडला त्या रचनेचंच नाव दिलं. आता एका वेळी १०८ जण त्या सुरांवर फिरतात.

आज खटकणारी जुनी दृश्यं?

बदला, आणि वेळेत बदला. डिस्नेची ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही होडीची राइड १९६७ ची. तिच्यातलं स्त्रियांच्या लिलावाचं दृश्य अमेरिकेत २०१८ मध्ये बदललं. राइड तीच राहिली, रांगही.

पैसे थोडेच असतील तर कुठून सुरुवात करावी?

आधी सावली आणि बाकं. मग दिवे, वर सांगितलेल्या काळजीने. मग आवाज: फुटलेले स्पीकर बदला आणि संगीताची फीत लांबवा, कारण वीस मिनिटांची फीत कर्मचाऱ्यांना वेड लावते आणि त्यांचा चेहरा पाहुण्यांना दिसतो. त्यानंतर राइड नाही, तर दोन नट घ्या, रोज चार तास, गर्दीच्या वेळी. सहा महिन्यांनी पुन्हा तोच भागाकार करा. मुक्काम १५ मिनिटांवरून हलला नसेल, तर दुखणं गोष्टीत किंवा यंत्रात आहे आणि मोठ्या खर्चाची मागणी करायला आता हातात आकडा आहे.